मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गाडी चालवताना : नव्या चालकांसाठी

उन्हाळ्यात अपघात झाला की दोनच कारणं कानावर येतात. एक तर टायर फुटला, नाहीतर चालकाला डुलकी लागली. घडतं ते रस्त्यावर, पण त्याची तयारी बहुतेक वेळा आदल्या दिवशीच झालेली असते. टायरकडे कुणी पाहिलेलं नसतं, रात्री झोप झालेली नसते आणि निघायची वेळ भर दुपारची ठरलेली असते. मी लातूरला नवशिक्यांना गाडी शिकवतो. ज्यांनी नुकतंच लायसन्स काढलंय, घरात पहिलीच गाडी आलीय आणि यंदा एप्रिल-मेमध्ये पहिल्यांदा लांबचा पल्ला मारायचाय, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. तयारी ज्या क्रमाने करायची, त्याच क्रमाने.

सगळ्यात आधी निघायची वेळ ठरवा

परभणी, नांदेड, जालना, बीड, कुठलाही जिल्हा घ्या. एप्रिलच्या मध्यापासून पारा ४० च्या वर जातो आणि मेमध्ये ४२-४३ ला आपल्याला नवल वाटत नाही. हवा ४२ असते तेव्हा डांबर ६० च्या घरात तापलेलं असतं आणि टायर त्याच्यावर धावत असतो. म्हणून माझा पहिला नियम : दुपारी १२ ते ४ गाडी सावलीत आणि चालकही सावलीत.

लातूरहून संभाजीनगरला जायचं असेल तर पहाटे साडेपाचला गाडी गेटबाहेर पाहिजे. अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा करत साडेआठच्या सुमाराला बीड येतं. तिथे नाश्ता करायचा, अर्धा तास पाय मोकळे करायचे आणि गेवराईमार्गे ऊन डोक्यावर यायच्या आत शहरात पोचायचं. परतीचा प्रवास त्याच दिवशी असेल तर चारनंतर निघा. अंधार पडल्यावर शेवटचे दोन-अडीच तास चालवावं लागेल, ते चालेल.

‘मग रात्रीच निघू ना, गारव्यात,’ असं पुष्कळ जण सुचवतात. नव्या माणसाला मी हे सांगत नाही. रात्री २ ते ५ ही शरीराची सगळ्यात गाढ झोपेची वेळ. त्यात रस्त्याच्या कडेला टेललाइट नसलेले ट्रक उभे असतात आणि ट्रॉलीला मागून रिफ्लेक्टर नसतो. पुरेशी झोप घेऊन पहाटे निघणं आणि रात्रभर जागून पहाटे पोचणं यांत फार फरक आहे.

टायर : इथे घाई करू नका

प्रवासाच्या दोन दिवस आधी गाडी टायरच्या दुकानात न्या. आदल्या रात्री नको, कारण टायर बदलायची वेळ आली तर हातात एक दिवस पाहिजे.

आमच्याकडे रेणापूर नाक्यावर एक पंक्चरवाला आहे. तो जॅकवर गाडी उचलतो आणि चाक हाताने सावकाश फिरवत दुसऱ्या हातातली बॅटरी टायरच्या बगलेवर धरतो. समोरून टायर नवाच वाटतो, नक्षीही भरपूर असते. पण बॅटरीचा उजेड तिरपा पडला की बगलेवर केसासारख्या बारीक भेगा दिसतात. तो त्यात नख घालून दाखवतो, ‘हे बघा, रबर वाळलंय.’ असा टायर गावात वर्षभर तक्रार न करता चालेल. तोच महामार्गावर शंभरच्या वेगाने, पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन तासभर पळाला की फुटू शकतो. तुम्हीही हे असंच बघायला शिका. भेगा, कुठे फुगवटा, कुठे आतली तार दिसतेय का, एका कडेनेच झीज झालीय का. झीज एका कडेची असेल तर अलाइनमेंट करून घ्या.

टायरचं वय त्याच्यावरच छापलेलं असतं. बगलेवर चार आकडे एका छोट्या चौकटीत दिसतात. १८२१ असेल तर तो २०२१ सालच्या १८ व्या आठवड्यात तयार झालेला आहे. पाच-सहा वर्षांच्या पुढचा टायर नक्षी शिल्लक असली तरी मी लांबच्या प्रवासाला वापरू देत नाही, आणि सेकंडहँड टायर तर मुळीच नाही. नक्षीच्या खाचांमध्ये रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. झीज होत होत नक्षी त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे ती १.६ मिलिमीटरवर आली, टायर संपला. स्टेपनीही याच डोळ्याने पाहा. ती डिकीत वर्षानुवर्षं पडून असते आणि गरज पडते तेव्हा तिच्यात हवा नसते.

आता हवेबद्दल. ‘उन्हाळा आहे, दोन-तीन पॉइंट कमीच भरा, हवा तापून फुगते,’ हा सल्ला तुम्हाला पेट्रोलपंपापासून घरच्या काकांपर्यंत सगळे देतील. तो ऐकू नका. हवा कमी असली की टायरची बगल प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, पुन्हा सरळ होते, पुन्हा दबते. या दबण्यातून आतल्या आत उष्णता तयार होते. बाहेरच्या उन्हापेक्षा टायरला घातक ती हीच. लोक सिमेंटच्या रस्त्याला दोष देतात, पण फुटलेल्या टायरमागे बहुधा कमी हवा, जास्त वजन, जास्त वेग आणि जुनं रबर यांतलं काहीतरी, किंवा सगळंच, असतं.

कंपनीने किती हवा सांगितलीय ते ड्रायव्हरचं दार उघडलं की आतल्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. गाडी पूर्ण भरलेली असताना किती, हा आकडा बहुतेक स्टिकरवर वेगळा असतो. तोच भरा. हवा तपासायची ती टायर थंड असताना, म्हणजे सकाळी निघताना, घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आतल्या पंपावर. तापमान दहा अंशांनी वाढलं की हवा साधारण दीड पॉइंटने वाढते. चालत्या गाडीत ती तीन-चार पॉइंट चढणारच, आणि कंपनीने ते धरूनच आकडा दिलेला असतो. म्हणून वाटेत थांबून गरम टायरमधली हवा सोडू नका. सोडली तर तीच कमी हवेची अडचण तुम्ही स्वतःच्या हाताने तयार करता.

आणि चालत्या गाडीचा टायर फुटलाच तर? आवाज होतो, गाडी एका बाजूला ओढते आणि पाय आपोआप ब्रेककडे जातो. तो तिथून काढा. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट सरळ धरा, ॲक्सिलेटर हळूहळू सोडा, गाडीला स्वतःहून वेग कमी करू द्या. वेग बराच उतरल्यावर हलका ब्रेक लावा आणि इंडिकेटर देऊन डाव्या साइडपट्टीवर घ्या. हे मी शिकणाऱ्यांकडून तोंडपाठ करून घेतो, कारण त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो.

बोनेटखाली दहा मिनिटं

कुलंटची पातळी टाकीवरच्या दोन खुणांच्या मध्ये हवी. कमी असेल तर कुलंटच टाका. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षाराचं, त्याने रेडिएटरच्या नळ्या आतून बुजतात. बॅटरीवर पाण्याची झाकणं असतील तर डिस्टिल्ड वॉटर बघा, उन्हाळ्यात ते लवकर उडतं. वायपरचं रबर कडक झालंय का, काच धुवायच्या टाकीत पाणी आहे का, एवढं पाहा. बाहेरून बसवलेले हॉर्न, जादा लाइट, म्युझिक सिस्टिम यांच्या वायरी उघड्या नकोत. उन्हाळ्यात गाड्या पेटतात त्यात अशा जोडण्यांचा हात असतो. सीएनजी गाडी असेल तर टाकीची हायड्रोटेस्ट दर ३ वर्षांनी लागते, तारीख तपासा. डॅशबोर्डवर लायटर, सेंटची बाटली, पॉवर बँक ठेवून गाडी उन्हात लावू नका.

डिकीत ठेवा : पिण्याचं पाणी माणशी दोन-तीन लिटर, ओआरएसच्या पुड्या, सुती चादर, टॉर्च, त्रिकोणी रिफ्लेक्टर, जॅक आणि पाना. पाना तुमच्या चाकाच्या नटला बसतो ना, हे घरीच लावून बघा.

चालक : लग्नसराईतली झोप

उन्हाळा म्हणजे आपल्याकडे लग्नसराई. नव्या चालकाचा पहिला लांबचा प्रवास बहुधा लग्नाचाच असतो, म्हणून याबद्दल जरा सविस्तर.

आदल्या रात्री हळद असते, दोन वाजेपर्यंत कुणी झोपत नाही. सकाळी वरात, बाराला अक्षता, दोनला पंगत. तीन वाजता मंगल कार्यालयाबाहेर गाडी तापून निघालेली असते आणि सगळे त्यात बसून म्हणतात, ‘चल बाबा, सहाला घरी पोचलं पाहिजे.’ ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे तोच रात्री सगळ्यात जास्त नाचलेला, सकाळपासून पळापळ केलेला पोरगा असतो. पोटात जिलेबी, मसालेभात आणि मठ्ठा. जेवणानंतरची ही दुपारची वेळ तशीही शरीर सुस्त होण्याची.

म्हणून लग्नाला निघण्याआधीच घरात ठरवा की गाडी कोण चालवणार. तो माणूस हळदीच्या रात्री अकराला झोपेल. पंगतीत अर्धपोटी उठेल. जेवण झाल्यावर कार्यालयाच्या एखाद्या खोलीत पंखा लावून आडवा होईल. आणि कुणी घाई केली तर स्पष्ट सांगेल, ‘मावशी, आपण पाचला निघू. मी थोडा पडतो.’ मावशी पाच मिनिटं रुसेल, पण ऐकेल. वडीलधाऱ्यांनीही इथे पोराची बाजू घ्यावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. नवा चालक मोठ्यांना नाही म्हणायला लाजतो, आणि त्या लाजेपायी झोपेत गाडी चालवतो.

ताशी ८० किलोमीटरने गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. तीन सेकंद डोळा लागला तर ६६ मीटर गाडी कुणीच चालवत नसतं. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, तिथे हेच अंतर १०० मीटर होतं.

झोप येण्याआधी शरीर कळवतं. लागोपाठ जांभया, मान जड होणं, गाडी पट्ट्यावरून सरकणं, मागचं गाव कधी गेलं ते न आठवणं. यातलं एक जरी झालं तरी थांबायची जागा शोधा. काच उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं याने दहा मिनिटं बरं वाटतं, झोप जात नाही. चहा प्या आणि लगेच सीट मागे करून वीस मिनिटं झोपा. चहाचा परिणाम व्हायला तेवढाच वेळ लागतो, म्हणजे उठाल तेव्हा दोन्हींचा फायदा मिळतो. झोपताना गाडी सावलीत, काचा खाली. एसी लावून बंद गाडीत झोपू नका.

एसी चालू असताना बाहेरची हवा पूर्ण बंद करून तासन्‌तास बसलात तरी आत हवा कोंदट होऊन सुस्ती येते. अर्ध्या-पाऊण तासाने पाच मिनिटं बाहेरची हवा आत घ्या. पाणी तहान लागायची वाट न बघता पीत राहा. वाटेत लघवीला थांबावं लागेल म्हणून पाणी टाळणारे पुष्कळ असतात, विशेषतः बायका, कारण वाटेत सोय नसते. शरीरातलं पाणी कमी झालं की डोकं दुखतं आणि लक्ष लागत नाही. म्हणून थांबा ठरवतानाच चांगलं स्वच्छतागृह असलेला पंप किंवा हॉटेल ठरवा. उपवास किंवा रोजा असेल तर त्या दिवशी दुसऱ्याला चालवू द्या. सर्दी-ॲलर्जीच्या अनेक गोळ्यांनी झोप येते, तेही डॉक्टरांना विचारून घ्या. दारू पिऊन चालवायचं नाही, यावर वेगळं लिहायची गरज नाही.

लहान मुलाला ‘दोनच मिनिटं’ म्हणून बंद गाडीत ठेवू नका. उन्हातली गाडी दहा-पंधरा मिनिटांत भट्टी होते आणि मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा फार लवकर तापतं.

रस्त्यावर काय काय भेटतं

एप्रिल-मेमध्ये आपल्या रस्त्यांवर कडब्याच्या गाड्या असतात. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी कडबा चार-चार हात बाहेर आलेला, मागच्याला पुढचं काही दिसत नाही, ट्रॉलीच्या चालकाला तर आरशात काहीच दिसत नाही. तुम्ही हॉर्न दिला म्हणजे त्याला ऐकू आलं असं धरू नका. पुढचा रस्ता लांबवर मोकळा दिसेपर्यंत मागेच राहा. हंगाम संपला की ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडं ट्रक-ट्रॉलीवर बसून बीडकडे परततात. सामानाच्या वर बायका-पोरं बसलेली असतात. त्यांच्यामागे दुप्पट अंतर ठेवा.

टंचाईच्या गावात टँकर रस्त्यालगत उभा असतो आणि पोरं सायकलला कॅन अडकवून धावत रस्ता ओलांडतात. गाव दिसलं की वेग ४० वर आणा, महामार्ग असला तरी. रसवंती आणि टरबुजाच्या पालाजवळ पुढची गाडी इंडिकेटर न देता अचानक थांबते. तुम्हाला थांबायचं असेल तर आधी मागचा आरसा, मग इंडिकेटर, मग साइडपट्टी, आणि गाडी रस्त्यावरून पूर्ण खाली. चैत्र पौर्णिमेच्या आसपास येरमाळ्याच्या येडेश्वरीला जाणारे भाविक पहाटे आणि रात्री रस्त्याने चालत असतात, तिकडे जाताना हे लक्षात असू द्या. संध्याकाळी रोही आणि हरणं पाण्याच्या शोधात रस्ता ओलांडतात. एक गेलं की मागे दुसरं असतंच, म्हणून लगेच वेग वाढवू नका.

सूर्याचाही विचार करा. समृद्धीवर सकाळी जालन्याहून नागपूरकडे निघालात तर ऊन थेट डोळ्यांत, आणि संध्याकाळी नाशिककडे येताना तेच. काच आतून-बाहेरून स्वच्छ पुसा, कारण धुळीच्या काचेवर तिरपं ऊन पडलं की पुढचं पांढरं होऊन जातं. समृद्धीसारखा सरळ, रिकामा रस्ता आणखी एका कारणाने अवघड आहे. वळण नाही, सिग्नल नाही, डोळे उघडे असतात पण मन बधिर होतं. वर्तमानपत्रांत याला हायवे हिप्नॉसिस म्हणतात. दर दीड तासाला उतरायचं, झोप आलेली असो वा नसो. पुढच्या गाडीपासून किमान तीन सेकंदांचं अंतर ठेवा. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ म्हणा. ते म्हणून व्हायच्या आत तुम्ही खांबापाशी पोचलात तर फार जवळ आहात.

घाट आला, मांजरसुंब्याचा असो की कन्नडचा औट्रम, उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरा. ज्या गिअरवर चढतो त्याच गिअरवर उतरायचं. सतत ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो आणि पकड सोडतो. न्यूट्रल कधीच नाही.

अवकाळी आला तर

दुपारी ऊन आणि चारला काळं आभाळ, हे एप्रिल-मेमध्ये नेहमीचं. आधी धुळीची वावटळ येते. हेडलाइट लो बीमवर लावा, वेग कमी करा, दोन्ही हात स्टिअरिंगवर. पाऊस सुरू झाला की पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात निसरडी असतात, कारण महिन्यांची धूळ आणि सांडलेलं तेल पाण्यात मिसळून रस्त्यावर पसरतं. गारा पडू लागल्या तर पेट्रोलपंपाच्या छताखाली जा, झाडाखाली नको. वीज कडाडत असेल तर काचा बंद करून गाडीतच बसा. पत्र्याची बंद गाडी बाहेरच्या झाडापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे.

गाडी तापली किंवा बंद पडली तर

तापमानाचा काटा वर चढू लागला की एसी बंद, काचा खाली, हीटर पूर्ण चालू. हीटर इंजिनची उष्णता आत ओढून घेतो, दोन मिनिटं त्रास होईल पण इंजिन वाचतं. मग बाजूला घेऊन इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर उडतं. अर्धा-पाऊण तास थांबा. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका. वायर जळल्याचा वास किंवा धूर आला तर इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवून लांब न्या, बोनेट उघडू नका. हवा मिळाली की आग भडकते.

महामार्गावर गाडी थांबवावी लागली तर पूर्ण साइडपट्टीवर घ्या, चारही इंडिकेटर लावा, रिफ्लेक्टर मागे पन्नास पावलांपेक्षा जास्त लांब ठेवा. सगळ्यांनी डाव्या दाराने उतरून लोखंडी कठड्यापलीकडे उभं राहायचं. सावली आहे म्हणून गाडीतच किंवा गाडीच्या मागे बसू नका. उभ्या गाडीवर मागून येऊन धडकणाऱ्या ट्रकची भीती उन्हापेक्षा मोठी.

दुसऱ्याचा अपघात दिसला तर

११२ किंवा अँब्युलन्ससाठी १०८ लावा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हाही क्रमांक आहे. जागा सांगताना ‘बीडच्या पुढे’ एवढं पुरत नाही. रस्त्याच्या कडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा आणि तुम्ही कुठल्या गावाकडे तोंड करून आहात ते सांगा. मदत करणाऱ्याला पोलिसांच्या फेऱ्यांची भीती वाटते, पण मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलं आहे. त्यानुसार चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही आणि नाव सांगायची सक्तीही करता येत नाही.

जखमीला ओढून उचलू नका. आग किंवा येणाऱ्या गाड्यांचा धोका असेल तरच हलवा, तेही मान सरळ धरून. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. आणि उन्हाळ्यातली एक गोष्ट कुणी सांगत नाही. रस्त्यावर पडलेल्या माणसाची पाठ ६० अंशांच्या डांबराने भाजत असते. डिकीतली सुती चादर दोघांनी ताणून त्याच्यावर सावली धरा, आणि मान न हलवता जमेल तिथे हाताखाली, पायांखाली कापड सरकवा. अँब्युलन्स यायला वेळ लागतो, तोवर ती सावली सोडू नका.